धुण्याच्या पाण्यावरची बाग

दवाखान्याच्या मधल्या चौकातली हिरवळ माळीदादांनी चौदा वर्षं राखली होती, आणि ती नुसती बघायची नव्हती. दवाखाना हाडांचा. प्लॅस्टर निघालं की माणसं पहिली पावलं त्या गवतावर टाकायची. फरशीवर पाय ठेवताना माणूस जीव मुठीत धरून ठेवतो, गवतावर तोच पाय जरा मोकळा पडतो, असं व्यायाम घेणारे डॉक्टरही म्हणत. दादा मग गवत कापायचं मशीन बंद करून लांबूनच बघत उभे राहायचे.

एका कोपऱ्यानं मात्र त्यांच्या नाकी नऊ आणले होते. चौकाची ती बाजू सखल, आणि भिंतीपलीकडे धुलाईखोली. चादरींचं पहिलं साबणाचं पाणी थेट गटारात जायचं, पण शेवटी चादरी खळबळून काढल्याचं पाणी एका जुन्या नळीतून या कोपऱ्यात उतरायचं. नळी वळवायची तर ऑपरेशनच्या खोलीची जमीन फोडावी लागणार होती. म्हणून दादांनी तीनदा मातीचा भराव टाकला, दोनदा नव्या गवताच्या लाद्या आणून बसवल्या. गवत दीड महिना तरारायचं, मग पिवळं पडायचं आणि मुळापासून कुजायचं. वर हिरवं शेवाळ धरायचं.

"पाण्याशी भांडून कोण जिंकलंय?" त्यांची बायको म्हणायची. दादा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

त्या वर्षी कपडे शिवणाऱ्या एक बाई गुडघ्याचं ऑपरेशन करून चालायला शिकत होत्या. वॉकर घेऊन त्या चालता चालता कोपऱ्याकडे गेल्या आणि शेवाळावरून घसरल्या. गुडघा वाचला, पण मनगट मुरगळलं. त्यांचा मुक्काम आणखी तीन आठवडे वाढला. दुसऱ्याच दिवशी ऑफिसानं ठरवलं की पुढच्या महिन्यात सगळ्या चौकाला फरशी घालायची.

दादा शिवणवाल्या बाईंना भेटायला गेले. खाटेच्या पायाशी जाऊन उभे राहिले.

"ऑफिसातून विचारायला आले होते," बाईच म्हणाल्या. "मी सांगितलं, घाई माझीच झाली. गवतावर चालून माझा पाय मोकळा झाला, हेही लिहून घ्या म्हटलं."

"तुमचे फार उपकार झाले, ताई," दादा म्हणाले.

बाहेर येऊन ते कोपऱ्याशी उकिडवे बसले. तेवढ्यात धुलाईखोलीच्या उंच खिडकीतून मावशींनी स्टुलावर चढून डोकं बाहेर काढलं. गेली वीस वर्षं दवाखान्याच्या चादरी धुणाऱ्या या मावशी. दोघांमध्ये भिंत एकच, पण आजवर बोलणं झालं असेल ते 'साबण संपला' आणि 'नळ बंद करा' एवढंच.

"बाई पडल्याचं ऐकलं म्हणून आज बघितलं. माझंच पाणी तुमच्या मुळावर आलंय, माळीदादा," त्या म्हणाल्या. "एक सुचवू का? रागावणार नसाल तर."

"बोला."

"इथे पाणकणीस लावा."

दादांना हसू आलं. उंच पात्यांचं, वर तपकिरी कणीस येणारं ते पाणगवत. आयुष्यभर त्यांनी ते नाल्यांतून उपटून फेकलं होतं. "मावशी, ते तण आहे."

"असेल. आमच्या घरामागं आई धुणं धुवायची, सगळं पाणी एका खड्ड्यात जायचं. खड्ड्यात पाणकणीस होतं. कधी वास नाही, कधी चिखल नाही. काही लोक त्याला रामबाण म्हणतात. नाव काय उगाच पडलं असेल?"

दादांनी तेव्हा नकारार्थी मान हलवली आणि ते उठून गेले. पण रात्री जेवताना त्यांनी बायकोला ते सांगितलं, आणि सांगता सांगताच त्यांना जाणवलं की यात हसण्यासारखं काही नाही. सकाळी ते मोठ्या सिस्टरांकडे गेले आणि फरशी घालण्याआधी दोन महिन्यांची मुदत मागून घेतली.

"डास झाले तर?" सिस्टरांनी विचारलं.

दादा हा प्रश्न घेऊन धुलाईखोलीत गेले. उत्तर पुन्हा मावशींनीच दिलं. कोपऱ्यात खड्डा खणून तो खडीनं काठोकाठ भरायचा. पाणी खडीच्या आत राहतं, वर थेंब दिसत नाही, मग डास अंडी घालणार कुठे?

सुट्टीच्या दिवशी दोघं गावाबाहेरच्या ओढ्यावर गेले. गुडघाभर चिखलात उतरून मावशी कंद काढत होत्या आणि दादा काठावर टोपली धरून उभे होते. "जुनी, कणसं धरलेली नकोत," त्या सांगत होत्या. "हे कोवळे फुटवे घ्या. आणि भोवती विटांची भिंत घाला हं, नाहीतर वर्षभरात तुमचं सगळं लॉन गिळून टाकेल." चौदा वर्षं बागकाम करून आज आपण शिकाऊ झालो, हे दादांना कळत होतं, आणि गंमत म्हणजे त्याचं वाईट वाटत नव्हतं.

खडीत फुटवे लावल्यावर पहिले पंधरा दिवस पाती वाळली. ऑफिसातले साहेब येऊन बघून गेले. मावशी रोज खिडकीतून बघायच्या आणि "थांबा अजून" म्हणायच्या. तिसऱ्या आठवड्यात खडीतून बोटभर हिरवे कोंब वर आले. दोन महिने होत आले तशी पाती कमरेएवढी झाली आणि धुलाईखोलीच्या भिंतीलगतची जमीन, जी चौदा वर्षांत कधी सुकली नव्हती, ती पायाखाली टणक लागायला लागली. शेवाळ गेलं. कडेचं जुनं गवतही हळूहळू हिरवं झालं.

मुदत संपल्यावर साहेब आणि मोठ्या सिस्टर चौकात आले. साहेबांनी कोपऱ्यातल्या जमिनीवर बुटाचं टोक दाबून पाहिलं. ते रुतलं नाही.

"मग सगळीकडे हेच लावायचं का?" साहेबांनी विचारलं. "गवताला दर आठवड्याला मशीन लागतं, पाणी लागतं. याला तर काहीच लागत नाही म्हणता."

"नको साहेब," दादा म्हणाले. "यावर पाय ठेवता येत नाही. आणि वर्षातून एकदा हे कापावंच लागतं, नाहीतर माजतं. गवत पेशंटसाठी, हे पाण्यासाठी. गवताला पाण्यात बसवलं ती माझी चूक. आणि ही अक्कल माझी नाही, धुलाईतल्या मावशींची आहे. त्यांना बोलवतो."

मावशी ओले हात पदराला पुसत आल्या. साहेबांनी आभार मानले तसं त्यांनी मान खाली घातली. साहेब गेल्यावर म्हणाल्या, "वीस वर्षांत माझं पाणी कुठं जातं ते कोणी विचारलं नव्हतं. मीही कधी बघायला आले नव्हते. खिडकी उंच आहे ना, स्टुलावर चढल्याशिवाय दिसत नाही."

दादांच्या मनाला ते लागलं. त्या आठवड्यात त्यांनी सुताराला गाठलं आणि धुलाईखोलीतून चौकात उघडणारं, कित्येक वर्षं खिळे ठोकून बंद केलेलं दार मोकळं करून घेतलं. कडी बसवली, उंबऱ्यापासून गवतापर्यंत चार दगड मांडले.

फरश्यांचा विषय पुन्हा निघाला नाही. शिवणवाल्या बाई तपासणीला आल्या की वॉकरशिवाय चौकाला एक फेरी मारून जातात. मावशी दुपारी चहाचा कप घेऊन गवतावर येऊन बसतात, चपला काढून. तास न् तास पाण्यात उभं राहून त्यांच्या टाचांना भेगा पडल्या आहेत. पहिल्या दिवशी त्या बसल्या तेव्हा दादा मशीन चालवत होते. त्यांनी ते बंद केलं.

"चालू ठेवा की," मावशी म्हणाल्या. "मला कापलेल्या गवताचा वास आवडतो."

दादांनी मशीन पुन्हा चालू केलं आणि मावशींच्या भोवतीनं वळवून नेलं.