थैलीची सीट

बकुळाबाईंनी खिडकीजवळच्या सीटवर थैली ठेवली, तिचे बंद सारखे केले आणि पाणी घ्यायला खाली उतरल्या. बाटली घेऊन वळतात तो बस देवास स्टँडच्या बाहेर.

त्या थोडं धावल्या आणि थांबल्या. धारमध्ये सारा जन्म गेला, पण असं कधी झालं नव्हतं. तिथं सीटवर थैली दिसली की ड्रायव्हर माणसाची वाट बघायचा, फार तर हॉर्न वाजवून बोलवायचा. इथं मागची बस भोंगा वाजवून पुढचीला हाकलते, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

फोन वाजला. मुलाचा, अजेयचा.

“आईसाहेब, सीट मिळाली?”

“मिळाली. खिडकीची.”

तसं खोटं नव्हतं ते. थैली बसली होती ना! खरं सांगायची मात्र सोय नव्हती. त्याच्याकडे देवासला राहायला आल्यापासून त्या पहिल्यांदाच एकट्या धारला बहिणीकडे निघाल्या होत्या. काही गडबड झाली तर यापुढे मला रजा असेल तेव्हाच जायचं, असं त्यानं बजावलं होतं. त्याला रजा कधीच नसते.

मागच्या बसचा कंडक्टर दारात लटकून इंदूर इंदूर ओरडत होता.

“भिया, मेरी थैली धारवाली बस में चली गई!”

“बैठो माताजी. इंदौर में रुकेगी वो, पकड़ा देंगे.”

इंदूर येईपर्यंत त्यांनी बाटली उघडलीही नाही. भीती वाटत होती आणि स्वतःचा रागही येत होता.

धारची बस इंदूरच्या स्टँडवर उभी होती. आत माणसं दांड्याला धरून उभी, आणि खिडकीपाशी थैली ऐसपैस बसलेली. कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणाला,

“किसी को बैठने नहीं दिया, माताजी. सामान रखा था ना.”

बकुळाबाईंचे डोळे भरून आले. थैली मांडीवर घेऊन त्या बसल्या. शेजारचे गृहस्थ उतरले, तशी एक मुलगी त्या जागी बॅग ठेवून घाईनं खाली गेली. मागून भोंगा वाजला. बस हलली.

“रोको भिया, रोको! लड़की नीचे है!”

ओरडत त्या थेट ड्रायव्हरपाशी पोहोचल्या. हातातला फोन वाजला, तो त्यांनी कानाला लावला.

“आईसाहेब, सगळं ठीक आहे ना?”

“नंतर बोल रे,” त्या म्हणाल्या. “बस थांबवून धरलीय मी.”