चालू कॉल

तिने यंत्राच्या जाळीवरून बोट फिरवलं. पिठात बुडवल्यासारखं ते पांढरं झालं. भिंतीपलीकडे इमारतीचा नवा भाग उठत होता आणि तिथलं सिमेंट दाराच्या फटीतून या खोलीत येऊन बसलं होतं. रुग्णवाहिकेसाठी येणारे फोन या यंत्रातून खिडकीकडच्या टेबलांवर जात. सकाळपासून ते मध्येच तुटत होते.

"ओल्या फडक्याने पुसून टाकू ना पटकन," साहेब म्हणाले.

"पाणी लागलं की त्याचा दगड होईल. बंद करून कोरडंच झाडते. माणसं दाराकडच्या रांगेत बसवा. तिकडचं यंत्र साफ झालंय."

साहेबांनी मान डोलावली. खिडकीकडची माणसं उठली. एक बाई तेवढी हलली नाही. यंत्र साफ करायला आलेल्या या मुलीच्याच सासूबाई. या कामात केस पांढरे झालेल्या.

"अहो ताई, रडू नका. त्यांना कुशीवर वळवा. वळवलं? आता श्वास बघा," त्या फोनवर सांगत होत्या.

घरी दोघींचं भांड्याला भांडं लागायचं, पण ते चार घरांत लागतं तेवढंच. इथे मात्र सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "कामावर मी तुझी कुणी नाही. उगाच लोक म्हणतील, वशिल्याने आली." सुनेने ते पाळलं होतं.

यंत्रावरचा दिवा लाल झाला.

"बंद करा, जळेल ते!" साहेब ओरडले.

सुनेने मधल्या काचेतून खिडकीकडे पाहिलं. सासूबाईंनी मान न वळवता नुसता तळवा वर केला.

"कॉल संपल्यावर," ती म्हणाली.

तिने टेबलफॅन ओढून यंत्रासमोर लावला. मऊ ब्रशने जाळी झाडत दुसऱ्या हाताने बारीक तोंडाचा व्हॅक्यूम धरला. पांढरे पापुद्रे सुटू लागले. आतला पंखा कण्हत होता, मग जरा मोकळा फिरू लागला. दिवा लालच होता, पण तापमानाचा आकडा चढायचा थांबला.

"गाडी दिसली? दार उघडा मग. हो, ठेवा आता." सासूबाईंनी फोन ठेवला आणि दाराकडच्या रांगेत जायला उठल्या. "कर गं बंद."

मग तिने यंत्र उघडलं. पात्यांवर बोट ठेवून हवेचे फवारे मारले, कानाकोपऱ्यातली धूळ ओढून घेतली, दाराच्या फटी चिकटपट्टीने बुजवल्या. यंत्र पुन्हा चालू झालं तेव्हा पंख्याचा आवाज ऐकायला कान द्यावा लागला.

"कुणीतरी फोन लावून बघा," ती म्हणाली.

सासूबाई आपल्या टेबलाशी परतल्या आणि त्यांनी घरचा नंबर फिरवला.

"अहो, ऐकू येतंय ना नीट? आज जेवणाचं तुम्ही बघा," त्या सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "मला आणि सूनबाईला उशीर होईल."

दोन्ही रांगांतली डोकी वळली. सून खाली वाकून वायर गुंडाळत राहिली.