अर्धा गाल डागाळलेला

मित्रांनो, मी एक जुना लाकडाचा तुकडा आहे. नीट बघाल तर माझ्यावर एक गाल दिसेल. अर्धा स्वच्छ, अर्धा काळपट डागांचा. हसू नका. हे डाग दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याचे होते.

मी पाइनच्या एका जाड फळीचं टोक. पाइन मऊ असतं. कोरणाऱ्या पटाशीला आवडतं, पण रंगाच्या बाबतीत भारी लहरी. एका जागी घटाघटा पितं, तर शेजारीच रंगाला तोंडही लावत नाही. एका म्हाताऱ्या कारागिराने आमच्या फळीवर आपल्या गेलेल्या बायकोचा चेहरा कोरला आणि मला कापून बाजूला ठेवलं. त्याचे हात फार थरथरायचे. चेहरा पुरा झाला तेव्हा तो लेकीला म्हणाला, "संपलं बाई. आता या हातांनी दुसरं काही व्हायचं नाही."

रंगकाम लेकीकडे होतं. रंग बिघडला, तर आता दुसरा चेहरा मिळणार नव्हता. मागे तिने एका पाइनच्या घोड्याला थेट रंग फासला होता. बिचाऱ्याच्या अंगभर खरूज उठल्यासारखे डाग पडले, आणि घासून घासूनही ते गेले नाहीत. तो अजून भिंतीकडे तोंड करून उभा आहे. आईचा चेहरा तसा झाला असता तर?

म्हणून तिने आधी माझ्या पाठीवर अक्रोडी रंग लावून पाहिला. तो छान एकसारखा बसला.

"जमलं बाबा!" ती हरखून म्हणाली.

माझा मात्र जीव टांगणीला लागला. माझी पाठ रंधा मारलेली, सपाट. कोरलेल्या गालावर लाकडाच्या शिरा आडव्या कापल्या जातात, त्यांची तोंडं उघडी पडतात आणि तीच अधाशासारखा रंग पितात. मी खोटी साक्ष दिली होती, आणि मला वाचा नव्हती. तिने चिंधी रंगात बुडवली. ती आईच्या गालाजवळ नेली.

"थांब," म्हातारा म्हणाला. "त्या तुकड्यावर काही कोरलंय का?"

"नाही. सपाटच आहे तो."

"मग आईच्या गालाचं त्याला काय कळणार?"

तिचा हात जागच्या जागी थांबला. चिंधीतून रंग फरशीवर ठिबकत राहिला.

"आण त्याला इकडे. पटाशीही दे."

"बाबा, तुमचे हात..."

"तुकडाच आहे गं. बिघडला तर बिघडला."

मला जरा लागलंच ते. पण म्हाताऱ्याने मला मांडीवर घेतलं. पटाशी घसरत होती, तरी हळूहळू माझ्यावर एक गाल उमटला. शिरांची तोंडं बुजावीत म्हणून लेकीने त्याच्या अर्ध्या भागावर चपड्याचं, म्हणजे लाखेचं, अगदी पातळ पॉलिश लावलं, वाळू दिलं, झिजलेल्या पॉलिश पेपरचा हलका हात फिरवला. मग साऱ्या गालावर रंग लावला. उघडा अर्धा बघता बघता डागाळला. पॉलिश प्यायलेला अर्धा एकसारखा तपकिरी झाला.

"आईचा गाल असा झाला असता," ती पुटपुटली.

त्या चेहऱ्याला आधी पॉलिश मिळालं, मग रंग. आज तो खिडकीशेजारी आहे, एकही डाग नसलेला. येणारा प्रत्येक जण थांबून बघतो. मी मात्र मांडणीवर धूळ खात पडलो. म्हातारा गेल्यानंतर जावईबापूंनी शेगडी पेटवायला म्हणून मला उचललंही होतं.

"तो नको!" लेक धावत आली. तिने मला हिसकावून घेतलं आणि पदराने पुसलं.

म्हणून सांगतो मित्रांनो, जिवापाड जपायच्या वस्तूला घाईने रंग लावू नका. आधी तिच्यासारखाच कोरलेला एखादा तुकडा शोधा, त्याला विचारा. आणि काम झालं की त्याला शेगडीत टाकू नका. खिडकीशेजारचा चेहरा म्हाताऱ्याचं शेवटचं काम आहे, असं सगळे म्हणतात. त्याने शेवटचा कोरलेला गाल माझ्यापाशी आहे.