लार्डनर म्हणजे कोण

क्लेमेंट लार्डनरच्या मटणाच्या दुकानात गल्ल्यामागे घराण्याचं चिन्ह रंगवलेली एक ढाल टांगलेली होती. लाल जमिनीवर रानडुकरांची तीन सोनेरी डोकी. वडिलांनी ती स्कार्बरोच्या किनाऱ्यावर एका स्टॉलवर घेतली होती. सॉसेज बांधून देताना क्लेमेंट गिऱ्हाइकाला सांगे, "लार्डनर म्हणजे राजाच्या मांसकोठीचा कारभारी. धंदा आमच्या रक्तातच आहे."

वसंतात वडील गेले. त्यांच्या थडग्यावर हीच ढाल कोरून घ्यायची, असं त्यानं ठरवलं. गुरुवारी पाथरवट येणार होता. पण चर्चच्या आवारात काही कोरायचं तर परवानगी लागते. म्हणून बुधवारी चर्चचं कामकाज पाहणारी एनिड पॅशली दुकानात आली.

"क्लेम, आडनावाला ढाल नसते रे. ती एका माणसाला मिळते, मग त्याच्या वंशाला. तुझी कुठल्या लार्डनरची?"

"आमचीच की! पावती दाखवू?"

"स्कार्बरोची?" एनिड हसली. मग पिशवीतून चर्चच्या जुन्या नोंदवहीची नक्कल काढून म्हणाली, "हातातली सुरी ठेव आधी. वाच."

नोव्हेंबर १८५३. गावच्या धुण्याच्या खोलीच्या दारात पोत्यात गुंडाळलेला मुलगा सापडला. आईबाप अज्ञात. नाव थॉमस. पुढे कारकुनानं रिवाजाप्रमाणे गावाचंच नाव आडनाव म्हणून लिहिलं होतं. ते खोडून शेजारी लिहिलं होतं: 'धुणेवाली विधवा हॅना लार्डनर सांभाळते. म्हणते, माझंच लावा.'

थॉमस म्हणजे क्लेमेंटचे पणजोबा.

"म्हणजे रक्तात काहीच नाही," तो म्हणाला.

"सॉसेज तर झकास होतात. रक्ताचं काय घेऊन बसलास?"

क्लेमेंट शेवटची ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिला. दिवसभर लोकांच्या चादरी धोपटणारी बाई. अनाथालय दोन मैलांवर होतं, पोर तिथे पोचवून ती मोकळी झाली असती.

"तिला कुठे पुरलंय?"

"भिंतीकडेला. दगड नाही."

गुरुवारी पाथरवटानं वही उघडली. "डुकरं तीनच ना?"

"एकही नको. सगळ्यात वर हॅना लार्डनर लिही. मग थॉमस. खाली आमचे वडील."

"आणि ढालीच्या जागी?"

"धुण्याचं धोपाटणं."

"खाटकाच्या थडग्यावर? लोक हसतील, मालक."

"हसू देत. तिनं दार उघडलं म्हणून आम्ही आहोत."

ढाल अजून गल्ल्यामागेच आहे. वडिलांनी हौसेनं आणलेली. कुणी तिच्याकडे बघून विचारलंच, तर क्लेमेंट सॉसेज बांधता बांधता सांगतो, "लार्डनर म्हणजे एक धुणेवाली बाई."