खेकड्यांच्या पंगतीला टोफू

मिझुहो काजितानीने खेकड्यांचं ताट डावीकडे सारलं, बैठ्या मेजावर वीतभर जागा केली आणि निळ्या रुमालात बांधलेलं यंत्र तिथे ठेवलं.

"आत्ता?" शेजारी बसलेल्या सेगावाने डोळे मोठे केले. तो विक्रीखात्याचा प्रमुख. "अगं, खेकडे आलेत समोर!"

"मग काय, त्यांची परवानगी काढू?"

"कमाल आहे तुझी. यंत्र हातात धरायचं, आणि दिवस शोधलास तो हात बरबटायचा."

दिवस तिने बरोबर शोधला होता, वेळ चुकवली ती कंपनीच्या अध्यक्षांनी, इनाबासाहेबांनी. कंपनीची वार्षिक सहल किनोसाकीला, गरम झऱ्यांच्या गावी आली होती. जेवणाआधी दिवाणखान्यात निवांत बघतो, असं त्यांनी कबूल केलं होतं. पण सत्तरीचे इनाबासाहेब एकदा गरम झऱ्याच्या पाण्यात उतरले की बाहेर निघायचं नाव घेत नाहीत. ते निघाले ते थेट पंगतीलाच येऊन बसले, अंगात मुक्कामाच्या हॉटेलाचा सुती झगा, चेहरा उकडलेल्या खेकड्यासारखा लालबुंद.

आणि सोमवारी त्यांना शिक्का मारायचा होता. हो किंवा नाही, दोन्हीपैकी एक. कंपनी वर्षानुवर्षं टीव्हीला जोडायची खेळयंत्रं बनवत आली होती. मिझुहोच्या छोट्या तुकडीने दोन वर्षं खपून खिशात-पिशवीत मावेल असं यंत्र तयार केलं होतं. सोयाबीनच्या पनीरच्या वडीसारखं पांढरं, चौकोनी, कडा गोल, म्हणून सगळे त्याला 'टोफू' म्हणत. साहेब नाही म्हणाले तर टोफू कपाटात जाणार आणि तिची माणसं हिबिनो-सानांच्या खात्यात वाटली जाणार. तरी मिझुहोला धाकधूक नव्हती. साहेबांनी एकदा ते हातात घेतलं की काम फत्ते, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

अडसर एकच होता आणि तो समोरच बसून खेकड्याची नांगी सोलत होता.

हिबिनो-सान म्हणजे घरच्या यंत्रांचा बाप. कंपनीची गाजलेली तिन्ही यंत्रं त्यांच्या हातची. मिझुहो कॉलेजातून थेट त्यांच्याच हाताखाली आली होती. बटण चांगलं की वाईट ते डोळे मिटून, नुसत्या अंगठ्याने ओळखायचं, हे त्यांनीच तिला शिकवलं. गेल्या मार्चमध्ये त्यांची बायको इस्पितळातून घरी आली, अर्ध्या अंगाने लुळी. तिची खाट बाहेरच्या खोलीत लावली, टीव्हीशेजारीच. तेव्हापासून हिबिनो-सान ऑफिस सुटलं की तडक घर गाठत. या सहलीलाही लेक येऊन राहिली म्हणून ते येऊ शकले.

या कंपनीत कुठलाच निर्णय बैठकीत होत नाही. आधी प्रत्येकाच्या टेबलाशी जाऊन त्याला वळवायचं असतं, बैठकीत फक्त माना डोलवायच्या. मिझुहोने शरद ऋतूत तेच केलं. प्रत्येक खातेप्रमुखाच्या हातात एकेक टोफू ठेवला आणि महिनोन्महिने पिच्छा पुरवला. एकेक करून सगळे वळले. हिबिनो-सान मात्र ढिम्म हलले नाहीत. "ठेवून जा," एवढंच म्हणाले होते आणि गाठ न सोडता रुमाल पिशवीत टाकला होता. गेल्या आठवड्यात तो तसाच बांधलेला परत आला.

"उघडला नाही," ते म्हणाले होते.

ते तिच्या फार जिव्हारी लागलं. रागाच्या भरात तिनेही गाठ सोडून पाहिली नाही. बाकीचे टोफू वापरून वापरून खरवडले होते, हा एकच कोरा राहिला असणार, म्हणून साहेबांना दाखवायला तिने नेमका हाच आणला होता.

"काजितानीचं सामान आलेलं दिसतंय," इनाबासाहेब म्हणाले. "बरं, भांडण आधी उरका. खेकडा तोंडात असताना मला कटकट नको. हिबिनो-सान, बोला."

हिबिनो-सानांनी सोललेला गर ताटाच्या कडेला रचला. त्यांचा हात असा की नांगी अखंड बाहेर यायची.

"या धंद्यात आधीपासून दोन पहिलवान बसलेत. आपण तिसरे. आपले खेळ बनवणारे लोक मोजके, ते दोन यंत्रांत वाटले की दोन्हीकडे उपासमार."

"खेळ तेच आहेत, सर," मिझुहो म्हणाली. "वेगळे बनवायचेच नाहीत. घरी टीव्हीवर अर्धा राहिलेला खेळ इथे तिथूनच पुढे सुरू होतो. आपलं यंत्र घरातच आहे, मी फक्त त्याला पाय दिलेत."

"पाय दिलेस आणि घराबाहेर काढलंस." त्यांचा आवाज चढला नव्हता. "आपण काय विकतो, काजितानी? शेजारी बसणं विकतो. एक खेळतो, चार जण बघतात, ओरडतात, चुका काढतात. तुझ्या या तळहाताएवढ्या पडद्यात शेजारच्याला काय दिसणार? प्रत्येक जण आपल्या कोपऱ्यात मान खाली घालून बसेल. असलं यंत्र आपण बनवायचं?"

मिझुहोला भयंकर राग आला. कारण आकड्यांवर त्यांना हरवणं सोपं होतं, यावर नव्हतं.

"टीव्हीसमोर बसायला आता घरात सवड कुणाला आहे, सर?" ती म्हणाली.

हिबिनो-सानांनी तिच्याकडे पाहिलं आणि पुढची नांगी उचलली.

"झालं?" साहेब म्हणाले. "आता जेवा."

खेकडा समोर आला की भली भली बडबडी माणसं मुकी होतात. नांग्या मोडायच्या, गर कोरायचा, बोटं चाटायची, यात बोलायला फुरसत नसते. सेगावासुद्धा गप्प झाला. सगळ्या दालनात कवचं मोडण्याचा आवाज तेवढा येत राहिला.

त्या शांततेत इनाबासाहेबांनी ओल्या फडक्याने बोटं नीट पुसली, मेजापलीकडे हात लांब केला आणि टोफूची गाठ सोडली. मिझुहोच्या हातातली नांगी तशीच राहिली.

साहेबांनी बटण दाबलं. पडदा उजळला.

"मुका आहे की काय हा?"

"सुरू होताना धून वाजते, साहेब." मिझुहो चरकली. "आवाज... कुणीतरी बंद केलेला दिसतोय."

"असू दे, असू दे."

साहेब खेळू लागले. त्यांच्या भुवया उंचावल्या, मग ते पुढे वाकले. बघता बघता ते रंगले. पण मिझुहोला दुसरंच काहीतरी ऐकू येत होतं. टक, टक, टकटक. आगगाडीत, ऑफिसात, चहाच्या दुकानात, कुठेकुठे तिच्या तुकडीने हे यंत्र पारखलं होतं, पण ही टकटक कधी कुणाच्या कानावर आली नव्हती. आज खेकड्यांनी सगळ्यांची तोंडं बंद केली होती आणि यंत्रही मुकं होतं, म्हणून ती स्पष्ट ऐकू येत होती.

"नांग्या मोडल्यासारखा वाजतोय गं तुझा टोफू," सेगावा हळूच म्हणाला.

साहेबांनी मान वर केली. "खरंच की. बटणं बरीच वाजतात."

"उजवीकडचं खालचं जास्त," हिबिनो-सान म्हणाले. "ते मधोमध दाबू नका. खालच्या काठावर, अंगठा आडवा ठेवून. आणा इकडे."

त्यांनी फडक्याला हात पुसले, यंत्र घेतलं आणि मेजाखाली मांडीवर धरलं. नजर यंत्राकडे नव्हतीच. अंगठा भराभर चालत होता आणि आवाज मात्र अजिबात नव्हता.

मिझुहोने तो अंगठा पाहिला. बटणाच्या काठावरची ती चाल एका दिवसात येणारी नव्हती, आठवड्यातही नव्हती. तिच्या तुकडीतल्या एकालाही ती येत नव्हती, तिला स्वतःलाही नाही. कवचं मोडायचा आवाज थांबला होता. मग बहुतेक हिबिनो-सानांनाही आपण काय करतोय ते कळलं. अंगठा थांबला. त्यांनी यंत्र मेजावर ठेवलं आणि ते कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले.

इनाबासाहेबांनी ओठांवरचं हसू साकेच्या पेल्यामागे लपवलं.

"मग हिबिनो-सान, सोमवारी मी काय करू?"

"या बटणांसह बाजारात नेऊ नका," ते ताटाकडे बघत म्हणाले. "खाली रबराची पातळ चकती घालावी लागेल. मी घालून देतो. शेजारी कुणी झोपलेलं असलं तर जागं होतं."

"चकती," साहेब म्हणाले. "काजितानी, ऐकलंस? सोमवारी चकतीसकट कागद आण." आणि त्यांनी नवी नांगी मोडली.

पंगत पुन्हा सुरू झाली. मिझुहोला ओरडावंसं वाटत होतं, आणि रडू येईल असंही वाटत होतं. तिने दोन्ही आवरलं. हिबिनो-सानांचा पेला रिकामा होता. ती गुडघ्यांवर सरकत मेजाला वळसा घालून त्यांच्याशेजारी गेली आणि साके ओतली.

"वहिनी जाग्या झाल्या होत्या?" तिने अगदी हळू विचारलं.

हिबिनो-सानांनी पेला उचलला, पण प्यायले नाहीत.

"एकदाच. मला वाटलं, चिडेल. तर म्हणाली, काय खेळताय ते मलाही दाखवा."

"मग?"

त्यांनी ताटाच्या कडेचा गर चॉपस्टिकने उचलला आणि पूर्वी प्रत्येक सहलीला ठेवत तसा तिच्या बशीत ठेवला.

"मग काय? उशीला उशी लावली," ते म्हणाले. "दिसतं दोघांना."