सातव्या प्रश्नाचा आकडा

चर्चमधली रविवारची उपासना संपत आली आणि पाळक निरंजन यांनी गुलाबी कागद वाटायला घेतले, तेव्हाच ज्योतीराम लोंढेच्या कपाळाला आठ्या पडल्या. कागदावर मथळा होता : ‘माझी आत्मिक वाढ – स्वतःची तपासणी’. दहा प्रश्न, प्रत्येकाला पाच मार्क, एकूण पन्नास. वाकडच्या आयटीवाल्यांच्या मंडळीत म्हणे हे चालतं, म्हणून आता काळेवाडीतही.

"घ्या! कंपनीत वर्षभर तेच, आता देवाच्या दारातही अप्रेजल!" तो इतक्या मोठ्यानं पुटपुटला की पुढच्या दोन रांगांनी मागे वळून पाहिलं. मेंढपाळानं मेंढरं तपासावीत की नाही? इथं मेंढरालाच सांगतात, तुझं वजन तूच कर, आणि काटाही तुझाच आण.

पहिल्या रांगेत अण्णासाहेब बसले होते. मंडळीचे वडील, म्हणजे कारभारातले मानकरी. चाकणच्या ज्या कंपनीत ज्योतीराम पत्रा दाबायचा प्रेस चालवायचा, तिथलेच सुपरवायझर. त्यांनी दोन मिनिटांत कागद भरला, पेनाला टोपण लावलं आणि शेजाऱ्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "अठ्ठेचाळीस. दोन मुद्दाम सोडले. माणसानं नम्र असावं."

ज्योतीरामच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नम्र म्हणे! पंधरा दिवसांपूर्वीची गोष्ट. प्रेसखाली हात गेला की मशीन जागच्या जागी थांबावं म्हणून सेन्सर असतो. तो सारखा मशीन थांबवत होता, माल अडला होता, म्हणून अण्णासाहेबांनी स्वतः उभं राहून तो बंद करायला लावला. तासाभरात कॉन्ट्रॅक्टवरच्या अंजलीच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. बावीस वर्षांची पोर, लातूरकडची. आणि अण्णासाहेबांच्या अहवालात काय? तर पोरीनं स्वतःच सेन्सर बंद केला. त्यावरून तिला कामावरून काढायचं ठरत होतं. उद्या, सोमवारी, चौकशी होती.

आणि या माणसाला अठ्ठेचाळीस! फणफणत ज्योतीरामनं पेन उघडलं. रोज प्रार्थना करता का? पाच. शास्त्र वाचता का? चार. रागावर ताबा आहे का? इथं जरा अडखळला, मग तीन टाकले. अण्णासाहेबांच्या टकलाकडे बघत बघत तो स्वतःला मार्क देत सुटला. त्या माणसाशेजारी उभं राहिलं तर कोणीही संतच दिसेल.

सातवा प्रश्न : तुमची साक्ष कशी आहे?

पेन थांबलं. मंडळीत हा शब्द रोजचा. चारचौघांत आपलं वागणं ख्रिस्ताला शोभतं का, एवढाच त्याचा अर्थ. पण ज्योतीरामला दिसला तो अहवालाचा तळ. तिथं ‘साक्षीदार’ असं छापलेलं होतं आणि त्यापुढं त्याच्याच अक्षरात : ज्योतीराम शांतवन लोंढे. "कर रे सही," अण्णासाहेब म्हणाले होते, "रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलीत तुझी." त्यानं केली होती. वाचायला लागू नये म्हणून चष्मासुद्धा खिशातून काढला नव्हता.

"कोणाला साक्ष द्यायची आहे का?" पाळकांनी विचारलं; म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं, ते उभं राहून सगळ्यांना सांगायचं. अण्णासाहेब लगेच उठले.

"आमच्या शॉपमध्ये एका मुलीनं निष्काळजीपणा केला. पण प्रभूनं मला सांभाळलं, माझ्या नावाला डाग लागू दिला नाही. त्या मुलीला सुबुद्धी मिळावी म्हणून आपण प्रार्थना करू या."

"आमेन," मंडळी म्हणाली.

"कसलं आमेन?" ज्योतीराम ताडकन उठला. खुर्ची मागे आडवी झाली. "सेन्सर तुम्ही बंद करायला लावला, माझ्या डोळ्यांदेखत! पोरीची बोटं गेली, आन् वर तिलाच सुबुद्धी? देवाला तरी भ्या, अण्णासाहेब!"

अण्णासाहेबांचा आवाजही चढला नाही. "अहवालावर साक्षीदार कोण आहे, तेही सांग ना मंडळीला."

सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या.

"मीच हाय," तो म्हणाला. "खोटी सही मीच केली."

"लोंढेकाका, बसा," पाळक घाईघाईनं पुढे आले. "हे आपण नंतर बोलू. घरातली गोष्ट घरातच राहू द्या."

"घरातली? ती पोर कुठं आपल्या घरातली हाय, पाळकसाहेब? म्हणून तर आमेन म्हणायला सोपं गेलं!"

कागद मुठीत घेऊन तो बाहेर पडला आणि गाडीला किक मारली. मोशीत एका टपरीवर थांबून त्यानं चष्मा लावला आणि कागदाच्या कोऱ्या बाजूवर घडलं ते सगळं लिहिलं. कोणी सांगितलं, किती वाजता, सेन्सर कसा बंद झाला, सगळं. खाली सही केली. मग कागद उलटून स्वतःला दिलेले सगळे मार्क खोडले.

मेदनकरवाडीतल्या खोलीचं दार अंजलीनंच उघडलं. उजवा हात अजून पट्टीत होता. तिनं त्याला आत बोलावलं नाही. डाव्या हातात कागद धरून लिहिलेलं शेवटपर्यंत वाचलं.

"हे पंधरा दिवस कुठं ठेवलं होतं, काका?"

"भ्यालो होतो, पोरी." त्यानं मागची बाजू दाखवली. "हे आमच्या चर्चचं हाय. बाकी सगळं खोडलं. हा सातवा आकडा तू टाक. तू देशील तो खरा."

अंजलीनं प्रश्न वाचला. तिचे डोळे लाल झाले.

"माझे दोन बोटं गेले, अन् तुम्हाला मार्क पायजेत?"

ज्योतीरामनं मान खाली घातली.

"उद्या अकरा वाजता त्या सगळ्यांसमोर हे तोंडानं बोला," ती म्हणाली. "मग टाकते."

तिनं दार लावून घेतलं. कागद मात्र परत दिला नाही.