लाख आणि वरचा एक

मंचरच्या हितेशला नारायणगावची राखी पहिल्या भेटीतच मनापासून आवडली होती. आणि साखरपुडा आठवड्यावर आला असताना या पठ्ठ्याने आपल्याच जिभेने सगळ्यावर पाणी सोडायची तयारी केली. बी.एस्सी.ला गणित घेतलेल्या माणसाला गप्प बसवत नाही, दुसरं काय!

झालं असं, की राखीच्या आईने, मोहनबाईंनी, लेकीचा संसार अभंग राहावा म्हणून एक लाख एक वेळा नवकार मंत्र म्हणायचं व्रत धरलं होतं. ते त्याच सकाळी पुरं झालं होतं. लाखावर एक कशाला? तर नुसता लाख दोनाने, पाचाने तुटतो, म्हणजे बाकी न उरता भागला जातो, पण वर एक ठेवला की आकडा तुटत नाही, अशी त्यांची पक्की समजूत. राखीचे वडील दलीचंदशेठ यांच्या कापडदुकानात तिघांबरोबर चहा घेताना हितेशने हे ऐकलं आणि हसत बोलून गेला, "पण काकू, एक लाख एक तर अकराने तुटतो की!"

दलीचंदशेठनी कॅल्क्युलेटर दाबून पाहिला. बायकोची बाजू घ्यायची सोडून म्हणाले, "तुटतोय गं."

मोहनबाईंचा चेहराच उतरला. "इतकं म्हणलं, आन् तुटकंच निघालं? मग साखरपुडा थांबवा. तुटक्या आकड्यावर मी पोरगी देणार न्हाई."

"लई हुशार ना तुमी?" राखी हितेशला म्हणाली. "आता निस्तरा." ती हसत होती, पण तिने चहाचा कप न पिताच खाली ठेवला.

"काकू, जप वाया गेला नाही," हितेश घाईने म्हणाला. "पुढचा न तुटणारा आकडा गाठू. एक लाख दोन नको, तो दोनाने तुटतो. एक लाख तीन बघतो."

"बघा. माझ्यासमोर. आन् मशीन न्हाई चालायचं."

शर्टाच्या खोक्याचं झाकण घेऊन हितेश गादीवर बसला. तीनशे सोळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागलं की पुरे, हे त्याने समजावलं. त्याहून मोठ्या आकड्याने तुटला, तर दुसरा तुकडा लहान असणार आणि तो आधीच सापडणार. साताने तर तुटता तुटता राहिला. बाकी उरली एकच! तेराने भागल्यावर सात उरले.

वारूळवाडीचे गेणू धोतरजोडी घ्यायला आले होते. ते बघतच राहिले. "शेठ, पावण्यांची परीक्षा हाये का?"

"व्हय. नापास झालं तर नवरी गेली."

एक झाकण भरलं, दुसरं भरलं. राखीने न सांगता तिसरं पुढे सरकवलं. शेवटी तीनशे तेरानेही बाकी उरली आणि हितेशने पेन्सिल टाकली. "नाही तुटत, काकू. कशानेच नाही."

मोहनबाईंनी तिन्ही झाकणं उलटसुलट पाहिली. त्यातलं एक अक्षर त्यांना कळलं नाही, पण पोराच्या कपाळावरचा घाम कळला. "मंजी दोन कमी पडत्यात."

"दोनच."

"ते मी म्हणणार न्हाई. एक तुमी म्हणा, एक ही म्हणंल."

हितेशने हात जोडले, राखीनेही जोडले, आणि दोघांनी एकदमच सुरुवात केली.

"आरं, एकामागं एक!" मोहनबाई कडाडल्या. "एकदम म्हणलं तर एकच धरावा लागंल. आन् एक लाख दोन कशानं तुटतो, ते तुमीच सांगितलंय."